गिरवलीचा मोठ्या स्फटिकांचा बेसाल्ट: एम.एस्सी. प्रकल्पाच्या नोंदी

चौथ्या सत्राच्या प्रकल्पाची वही उतरवून काढते आहे. अक्षर सुधारलंय, चुका तशाच ठेवल्यात. पुढच्या वर्षी कुणी हाच दगड घेणार असेल, तर त्याचे निदान दोन महिने तरी वाचावेत.

३ डिसेंबर

विषय ठरला. घोडेगाव-गिरवली भागातला 'जायंट प्लॅजिओक्लेज बेसाल्ट'. विभागात सगळे जीपीबीच म्हणतात, मीही तेच लिहीन. आपल्या नेहमीच्या काळ्या दगडात नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. यात मात्र प्लॅजिओक्लेज या खनिजाचे दोन-दोन, तीन-तीन सेंटिमीटरचे पांढुरके चपटे स्फटिक दिसतात, काळ्या गुळाच्या वडीत खोबऱ्याचे काप पडावेत तसे.

सुब्बाराव आणि हूपर यांचा १९८८ चा सह्याद्रीतल्या लाव्हाथरांचा नकाशा बघून घेतला. कळसूबाई उपगटात असे जीपीबी दोन फॉर्मेशनांच्या (लाव्हाथरांच्या संचांच्या) सीमेवर खुणेच्या दगडासारखे येतात. गिरवलीचा जीपीबी म्हणजे भीमाशंकर फॉर्मेशनचा माथा. सरांनी प्रश्न एका ओळीत दिला: "हा मॅग्मा वर येताना कुठे थांबला आणि थांबला असताना त्यात काय घडलं?" प्रश्न ऐकून वाटलं, नमुने आणायचे, रासायनिक पृथक्करण करायचं, आलेख काढायचे. मार्चमध्ये मोकळी.

९ डिसेंबर

पुण्यात शिवाजीनगरहून एसटीने मंचर, तिथून घोडेगाव, पुढे जीपवाल्याला विनवून डोंगराच्या पायथ्याशी. सोबत वर्गमैत्रीण. वर आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या दुर्बिणीचा पांढरा घुमट दिसतो. रस्त्याच्या कापात जीपीबी सापडायला अर्धा तासही लागला नाही, त्यामुळे दोघी खूश.

हातोडा फक्त एक किलोचा होता. वरचा कुजलेला तपकिरी थर फुटतो, आतला ताजा दगड हातोडा परतवून लावतो. दिवसभरात अकरा नमुने निघाले: आठ जीपीबीचे आणि तीन त्याच्या खालच्या-वरच्या साध्या बारीक कणांच्या थरांचे. प्रत्येकी तीनशे ग्रॅमच्या आसपास. "पाठीवर वाहून न्यायचंय, बास झालं एवढं," असं आम्हीच ठरवलं. हा आकडा लक्षात ठेवा.

खालच्या थराच्या माथ्यावर तांबड्या मातीचा हातभर पट्टा मिळाला, म्हणजे रेड बोल. दोन लाव्हांच्या मधल्या काळात खालच्या लाव्हाचा माथा कुजून झालेली माती. त्याचा फोटो काढला, उंची मोबाइलवर टिपली.

१० डिसेंबर

आजचा दिवस फुकट जाणार होता. डोंगराच्या पूर्व बाजूला सगळा दगड कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटतो, ताजा तुकडाच मिळेना. उतरताना एका शेतात नवी विहीर दिसली आणि बाजूला पुरुषभर उंच दगडांचा ढीग. सुरुंगाने फोडलेला, काळाभोर, धारदार कडांचा जीपीबी. स्फटिक काचेसारखे चमकत होते.

शेतकरी काकांना विचारलं, "काका, यातला थोडा दगड नेऊ का?"

"थोडा कशाला, ताई, सगळा न्या. हा उचलायलाच मला ट्रॅक्टर लावावा लागणारे."

आम्ही दोन तुकडे उचलले. काका बघतच राहिले. आता वाटतं, त्यांचंच ऐकायला हवं होतं.

क्षेत्रकामाला जाणाऱ्यांनी डोंगर चढायच्या आधी गावात विचारावं, यंदा कुणाची विहीर झाली का. किती खोलीवरचा दगड आहे तेही विहिरीवाल्यालाच विचारून लिहून घ्यावं, कारण ढिगात खालचा-वरचा सगळा एकत्र पडलेला असतो.

१२ डिसेंबर

नकाशावर थर मांडले तर जीपीबी जिथे असायला हवा त्याच्या साठ-पासष्ट मीटर खाली येतोय. सगळेच थर तेवढेच खाली. दोन तास नकाशालाच दोष दिला.

दोष माझ्या मोबाइलमधल्या अ‍ॅपचा. ते समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवत नव्हतं, पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची दाखवत होतं. आपल्या भागात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठ-पासष्ट मीटर खाली आहे. अ‍ॅपमध्ये एक खूण केली की उंची दुरुस्त होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावरच्या ज्ञात उंचीच्या जागी पहिल्याच दिवशी उभं राहून मोबाइल तपासला असता तर हे घडलं नसतं. सगळे आकडे सरसकट दुरुस्त केले.

२० ते २९ डिसेंबर

थिन सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला काचेवर चिकटवलेला दगडाचा पातळ काप. विभागातली कापायची करवत चालू आहे, घासायचं यंत्र बंद. म्हणजे हाताने काचेवर कार्बोरंडम पावडर टाकून घासायचं: २२० नंबर, मग ४००, ६००, १०००. लॅबमधल्या मामांनी पहिला दिवस शेजारी बसून शिकवलं. त्यांचा हात आठच्या आकड्यात फिरतो, माझा गोल गोल, म्हणून माझ्या स्लाइडची एक कड आधी झिजते.

काय काय बिघडलं, ते क्रमाने:

पहिली स्लाइड. ४०० वरून ६०० वर जाताना चकती नीट धुतली नाही. जाड पावडरीचा एखादाच कण राहिला असेल, पण त्याने आख्ख्या दगडावर नांगर फिरवला. आता प्रत्येक नंबराला वेगळी काच, वेगळी बशी, आणि मधे जुन्या टूथब्रशने दगडाच्या कडासुद्धा घासून धुते.

दुसरी आणि तिसरी. इपॉक्सी फार घोटली, त्यात हवेचे बुडबुडे अडकले. सूक्ष्मदर्शकाखाली ते काळ्या कडेचे सुंदर गोल दिसतात आणि मी त्यांना 'काचमय गोलक' म्हणून वहीत काढूनही ठेवले होते. ते पान फाडलेलं नाही.

चौथी. पोकळ्यांमध्ये झिओलाइट हे खनिज भरलेला तुकडा. घासताना झिओलाइट उपटून निघाला आणि जाताना शेजारचे स्फटिकही घेऊन गेला. यावर मामांचा उपाय: तुकडा आधी गरम करून त्यावर पातळ इपॉक्सी ओतायची, ती भेगांत मुरू द्यायची, रात्रभर ठेवायचं, मगच घासायला घ्यायचं. चालतो.

पाचवी ते आठवी. या चार चांगल्या झाल्या. जाडी ०.०३ मिलिमीटर हवी. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ नसतो, म्हणून प्लॅजिओक्लेजच्या रंगावरून अंदाज घ्यायचा. क्रॉस्ड निकॉलखाली (सूक्ष्मदर्शकातल्या काटकोनातल्या दोन ध्रुवकांमध्ये) तो पिवळा दिसला तर अजून जाड, करडा-पांढरा दिसला की थांबायचं. शेवटची दहा मिनिटं दर वीस सेकंदांनी बघावं लागतं. सातवीच्या वेळी फोन आला, परत येईपर्यंत कडेचा दगडच गायब.

एका स्लाइडला साडेपाच तास. दहा दिवसांत वापरण्याजोग्या चार.

४ जानेवारी

त्या चारही वाया गेल्या, आणि यात घासण्याचा काही दोष नाही.

प्लॅजिओक्लेजमध्ये कॅल्शियम किती, सोडियम किती हे मिशेल-लेव्ही पद्धतीने काढायचं होतं. त्यासाठी अल्बाइट जुळ्यांचे (स्फटिकात एकाआड एक उलटे बसलेल्या पापुद्र्यांचे) पट्टे दिसावे लागतात आणि दोन्ही बाजूंचे विलोपन कोन, म्हणजे किती फिरवल्यावर पट्टा काळा पडतो ते, मोजावे लागतात. माझ्या मोठ्या स्फटिकांत पट्टेच दिसेनात. दोन दिवस वाटलं, हे प्लॅजिओक्लेज नव्हेतच.

मॅडमनी दगड हातात घेतला आणि विचारलं, "कापलास कुठून?"

हे स्फटिक पाटीसारखे चपटे असतात आणि लाव्हा वाहताना बरेचसे आडवे झोपतात. मी करवतीवर सोयीचं म्हणून दगड आडवाच धरून कापला, म्हणजे प्रत्येक स्फटिकाची पाटी वरून बघितली. जुळ्यांची पातळी त्या पाटीला समांतर असते, त्यामुळे वरून ती दिसणारच नाही. वहीची पानं मोजायची तर कडेकडून बघावं लागतं. मी मुखपृष्ठ बघत बसले होते.

बावीस तासांची घासाघीस गेली. दगड फोडायच्या आधी त्यावर 'वर' असा बाण मार्करने काढायचा, एवढंच करायचं होतं. अकरापैकी सात नमुन्यांवर बाण नाही.

१५ जानेवारी

उभे काप घेऊन पाच नव्या स्लाइड. पट्टे दिसले. अकरा स्फटिक मोजले, सगळ्यांत मोठा कोन ३३ अंश, म्हणजे अ‍ॅनॉर्थाइट साठ टक्क्यांच्या जवळपास (अ‍ॅनॉर्थाइट म्हणजे प्लॅजिओक्लेजचं कॅल्शियमचं टोक). अशा प्लॅजिओक्लेजचं नाव लॅब्राडोराइट. ग्राउंडमासमध्ये (मोठ्या स्फटिकांच्या मधल्या बारीक कणांच्या भागात) प्लॅजिओक्लेजच्या काड्या, ऑजाइट (पायरॉक्सिन गटातलं खनिज), काळं लोह-टिटॅनियम ऑक्साइड. ऑलिव्हिन हे खनिज होतं तिथे आता तपकिरी चुरा आहे.

मोठ्या स्फटिकांच्या कडा धारदार आहेत, पण आत मधेमधे ग्राउंडमास अडकलेला दिसतो. दोनतीन जागी पाच-सहा स्फटिक एकमेकांना चिकटून गुच्छ झालेत. वहीत चित्र काढलं.

२० जानेवारी

एक्सआरएफसाठी (क्ष-किरणांनी रसायन मोजायच्या पद्धतीसाठी) पूड. आधी जबड्याचा क्रशर, मग टंगस्टन कार्बाइडची मिल. अगेटच्या (अकीकाच्या) मिलला रांग होती, आठ दिवस थांबायचं नव्हतं.

२२ जानेवारी

पूड बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवली. नमुन्याला १,२०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, अकरा नमुन्यांचे १५,५७६. विभागाने १०,००० दिले, उरलेले बाबांनी. बाबा म्हणाले, "दगडाची पूड करायला पैसे दिलेस, ती मोजायलाही पैसे?" ज्वलनघट आम्ही आमच्या भट्टीत काढणार आहोत, तेवढे वाचले.

२५ जानेवारी

ज्वलनघट म्हणजे पूड ९५० अंशांना तापवून वजन किती घटलं ते बघणं. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. गि-५ (नमुन्यांना गि-१, गि-२ असे क्रमांक दिलेत) मध्ये झिओलाइट भरपूर, घट २.९ टक्के. तो बाद करायचा. गि-३ चं वजन मात्र ०.४ टक्क्यांनी वाढलं. तापवून वजन वाढलं! तराजू तपासला, क्रुसिबल बदललं, पुन्हा केलं. पुन्हा वाढलं.

तराजू ठीक होता. ताज्या बेसाल्टमधलं फेरस लोह हवेत तापलं की ऑक्सिजन घेऊन फेरिक होतं. दहा टक्के फेरस ऑक्साइड पूर्ण गंजलं तर वजनात १.१ टक्क्याची भर पडते. पाणी थोडं आणि लोह भरपूर असेल तर बेरीज अधिकात जाते. म्हणजे गि-३ हाच माझा सगळ्यांत ताजा दगड. तीन दिवस मी त्यालाच दोष देत होते.

१४ फेब्रुवारी

निकाल आले. मुद्द्याचे आकडे (वजनाचे टक्के) लिहिते, कारण इथूनच सगळं फिरलं.

गि-१ आणि गि-२ हे एकाच थराचे, एकमेकांपासून चार मीटरवरचे तुकडे. गि-१: अ‍ॅल्युमिना १५.४, मॅग्नेशिया ४.५, टिटॅनियम ऑक्साइड २.९२. गि-२: अ‍ॅल्युमिना १७.२, मॅग्नेशिया ३.९, टिटॅनियम २.५५. बाकीचे जीपीबीही असेच विखुरलेले.

मी आलेख काढला आणि खूश झाले, कारण बिंदू एका सुंदर रेषेत पडले. मॅग्नेशिया कमी होत जातं, अ‍ॅल्युमिना वाढत जातं. लिहूनही टाकलं की मॅग्मा थंड होताना उत्क्रांत होत गेला, गि-२ हा जास्त उत्क्रांत. अर्ध्या पानाचा परिच्छेद झाला.

सरांनी रेषेकडे पाहिलंच नाही. टिटॅनियमच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा का उतरला?"

खरंच का उतरला? आपल्या बेसाल्टच्या मॅग्म्यातून ऑलिव्हिन, प्लॅजिओक्लेज, ऑजाइट निघत गेले तर उरलेल्या द्रवात टिटॅनियम साचत जायला हवं. मॅग्नेशिया कमी झालं की टिटॅनियम वाढायला हवं. माझ्याकडे दोन्ही सोबत उतरतायत. एकच थर चार मीटरमध्ये 'उत्क्रांत' होतो, हेसुद्धा मला खटकलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी

रात्री वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. तीनशे ग्रॅमचा तुकडा म्हणजे सुमारे १०० घन सेंटिमीटर. माझा सरासरी स्फटिक ३ बाय २ बाय ०.४, म्हणजे २.४ घन सेंटिमीटर. तुकड्यात एक स्फटिक कमी-जास्त आला की प्लॅजिओक्लेज अडीच टक्क्यांनी हलतो. हातोडा दोन बोटं डावीकडे पडला असता तर तीन-चार स्फटिक जास्त आले असते.

साठ टक्के अ‍ॅनॉर्थाइटच्या प्लॅजिओक्लेजमध्ये अ‍ॅल्युमिना तीसच्या जवळ, मॅग्नेशिया आणि टिटॅनियम जवळपास शून्य. तो मिसळत गेला की अ‍ॅल्युमिना वर जातं, बाकीची दोन्ही खाली. माझी सुंदर रेषा ती हीच. आठ नमुन्यांचे ११,३२८ रुपये देऊन मी एवढंच मोजून घेतलं होतं, की कुठल्या पिशवीत किती स्फटिक आले.

आणि याहून वाईट म्हणजे सगळा दगड जरी नीट मोजला असता, तरी तो आकडा कुठल्याही द्रवाचा नव्हता. मोठे स्फटिक आधी कुठेतरी वाढलेले, द्रव नंतर त्यांना घेऊन वर आलेला. मी एकत्र कुटून त्याला मॅग्मा म्हणत होते. खिचडी वाटून तिच्यावरून पाण्याची चव सांगण्यातला प्रकार.

झोप लागली नाही.

२४-२५ फेब्रुवारी

पुन्हा गिरवली. यावेळी चार किलोचा घण, दोन छिन्न्या, गॉगल, आणि मामांनी दिलेला जाड कातडी हातमोजा. जीपगाडी दोन दिवसांसाठी ठरवली, ३,८००. दोन ठरवलेली कामं.

पहिलं, स्फटिक दगडात मोजायचे, पिशवीत नव्हे. रस्त्याच्या कापात सपाट पृष्ठभागावर खडूने चौकोन आखला, त्यावर प्लॅस्टिकच्या पारदर्शक कागदावर काढलेली जाळी लावली आणि प्रत्येक छेदबिंदूखाली काय आहे ते लिहिलं: स्फटिक की ग्राउंडमास. सुरुवातीला अर्धा मीटरचा चौकोन आणि दोन सेंटिमीटरची जाळी घेतली होती. पंचवीस-तीस बिंदूंनंतर कळलं की एकच स्फटिक दोनदा मोजला जातोय, कारण स्फटिक जाळीच्या घरापेक्षा मोठा. मग एक मीटरचा चौकोन आणि चार सेंटिमीटरची जाळी. ६२५ बिंदू. मैत्रीण ओरडून सांगते, मी रेघा मारते. एका चौकोनाला पाऊण तास. चार चौकोन मोजले, सरासरी १८ टक्के.

दुसरं, नमुना मोठा घ्यायचा. एका जागेचे सहा किलो. काकांच्या विहिरीच्या ढिगापाशी गेलो तर ढीग निम्मा गायब, बांधाला गेला होता. उरलेल्यातले अठरा किलो उचलले. काका म्हणाले, "आता कसं!" बांधावर काम करणारे एक वडार आजोबा होते. त्यांनी सांगितलं की हा दगड घडवायला निकामी, टाकी मारली की 'पांढरे खडे' सुटून येतात आणि कड बसत नाही. ग्राउंडमास वेगळा करायचा माझा बेत होता. आजोबांचं ऐकून धीर आला, कारण जे त्यांना नको होतं तेच मला हवं होतं.

२ ते ८ मार्च

वेचणी. दगड हातोडीने बारीक फोडला, दोन आणि चार मिलिमीटरच्या चाळण्यांमधला माल घेतला, पांढऱ्या ताटात पसरला आणि चिमट्याने फक्त काळे कण उचलले. तांदूळ निवडतात तसं. पांढरा ठिपका दिसला की बाद, हिरवट डाग दिसला की बाद, कारण तो सेलाडोनाइट, मागाहून तयार झालेलं खनिज. रोज तीन तासांत वीस ग्रॅम. पहिल्या दिवशी टेबलावरच्या दिव्याखाली वेचलं आणि दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या उजेडात तेच ताट पाहिलं तर चौथा हिस्सा टाकावा लागला. वेचायचं ते सकाळी, खिडकीत.

११ मार्च

पहिल्या खेपेच्या सूक्ष्म मूलद्रव्यांकडे आत्ता नीट पाहिलं. कोबाल्ट ११० ते १३० पीपीएम (दहा लाखांत भाग). बेसाल्टमध्ये ५० च्या आसपास असतो. वरचा सगळा मिलमधून आलेला, टंगस्टन कार्बाइडला कोबाल्टच बांधून ठेवतो. मुख्य ऑक्साइडना धक्का नाही, पण कोबाल्ट, टंगस्टन, टँटलम यांच्यावर एक ओळही लिहिता येणार नाही. आठ दिवस वाचवले होते ते असे गेले. यावेळी अगेट. रांगेत नाव लिहून आले.

२९ मार्च

दुसऱ्या खेपेचे सहा निकाल, ८,४९६ रुपये. तीन ग्राउंडमास, तीन मोठे संपूर्ण नमुने.

ग्राउंडमास तिन्ही जागी जवळपास सारखा: अ‍ॅल्युमिना १३.२, मॅग्नेशिया ५.२, टिटॅनियम ३.३६, एकूण लोह फेरिकच्या रूपात १४.४५. आठ पिशव्यांतली सगळी विविधता गेली. द्रव एकच होता.

मग उलटतपासणी: ग्राउंडमासमध्ये १८ टक्के प्लॅजिओक्लेज मिसळून संपूर्ण दगड येतो का? आला नाही, अ‍ॅल्युमिना जास्त येत होतं. अर्धा दिवस गेल्यावर लक्षात आलं, जाळीवरचे १८ टक्के आकारमानाचे, आणि रसायन वजनाचं. प्लॅजिओक्लेज हलका (२.६९), ग्राउंडमास जड (३.० च्या जवळ), म्हणून वजनाने १६.४ टक्केच. तसं धरलं तर अ‍ॅल्युमिना १५.९, टिटॅनियम २.८१. मोठ्या नमुन्याचं प्रत्यक्ष मोजमाप १५.८ आणि २.८४.

या प्रकल्पात मला मनापासून आनंद झाला तो याच दिवशी. खडूचा चौकोन आणि एक्सआरएफ, दोघांची साक्ष जुळली.

३ एप्रिल

मेल्ट्स हा प्रोग्रॅम. संगणकात मॅग्म्याचं रसायन, दाब, तापमान द्यायचं, तो सांगतो कोण आधी स्फटिक होणार. पहिल्या फेरीत सगळ्यांत आधी मॅग्नेटाइट निघाला, तोही ढीगभर. माझ्या स्लाइडमध्ये लोह-ऑक्साइड सगळ्यांत शेवटी, फटींमध्ये बसलेलं.

चूक: प्रयोगशाळेचा आकडा 'एकूण लोह फेरिकच्या रूपात' असा असतो, ती फक्त लिहायची रीत आहे. मी तो तसाच फेरिकच्या चौकटीत टाकला, फेरस शून्य. म्हणजे संगणकाला सांगितलं की मॅग्मा पुरता गंजलेला आहे. १४.४५ ला ०.८९९८ ने गुणून १३.० फेरस काढायचं, मग क्वार्ट्झ-फायालाइट-मॅग्नेटाइट बफर (मॅग्म्याला ऑक्सिजन किती मिळतो ती अट) निवडून दोन्हींची वाटणी संगणकालाच करू द्यायची.

दुसऱ्या फेरीत साडेअकराशे अंशांच्या आसपास स्फटिक सुरू झाले. एक किलोबार दाबाला प्लॅजिओक्लेज लवकर येतो. सहा किलोबारला तो मागे पडतो, पायरॉक्सिन पुढे. पाणी अर्धा टक्का जरी वाढवलं तरी प्लॅजिओक्लेज आणखी मागे. माझ्या दगडात मोठे स्फटिक फक्त प्लॅजिओक्लेजचे, तेव्हा कमी खोलीवर, कमी पाण्याच्या द्रवात थांबा झाला असं म्हणायला जागा आहे.

पण संगणकात एकटा प्लॅजिओक्लेज फार वेळ चालत नाही, थोड्याच अंशांत ऑजाइट सोबतीला येतो. मग तो ऑजाइट कुठे गेला? मेल्ट्सने द्रवाची घनता २.७३ दिली. लोह-टिटॅनियमने द्रव जड झालेला, प्लॅजिओक्लेज त्याच्यापेक्षा किंचित हलका, ऑजाइट खूप जड. म्हणजे ऑजाइट बुडाला आणि प्लॅजिओक्लेज मॅग्म्याच्या कोठीच्या छताकडे जाऊन तरंगत, एकमेकांना चिकटत राहिला. १५ जानेवारीच्या वहीतले गुच्छ आठवले. पुढच्या उद्रेकाला छताकडचा हा माल आधी बाहेर आला असावा. 'असावा' हा शब्द सरांनी लाल शाईने घातला.

९ एप्रिल

प्रावरणातून निघालेला मूळ मॅग्मा कसा होता, हे काढायच्या मोहात पडले. मॅग्नेशियम क्रमांक (मॅग्नेशियम आणि लोहाच्या अणूंत मॅग्नेशियम किती टक्के) काढला: सगळं लोह फेरस धरून ४२. प्रावरणातल्या ऑलिव्हिनमध्ये मॅग्नेशियम-लोहाच्या दर दहा अणूंपैकी नऊ मॅग्नेशियमचे असतात, त्याच्याशी समतोलात असणाऱ्या द्रवाचा क्रमांक ७३ च्या आसपास हवा. बेचाळीस म्हणजे हा द्रव घरून निघून बराच काळ लोटलेला. मी स्प्रेडशीटमध्ये एकेक टक्का ऑलिव्हिन परत घालत गेले आणि ७३ वर थांबले. रसायन हाती आलं, छान दिसत होतं.

मॅडमनी एका वाक्यात निकाल लावला: "याच्यातून फक्त ऑलिव्हिन गेलंय, असं तुला कुणी सांगितलं?" आधीच्या पानावर मीच लिहिलंय की प्लॅजिओक्लेज आणि ऑजाइटही गेलेत. ते किती गेले हे माहीत नसताना नुसतं ऑलिव्हिन परत घातलं तर येणारा द्रव कुठेच अस्तित्वात नसलेला. ते प्रकरण काढून टाकलं. चार दिवस.

६ मे

तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रसायनावर एकच प्रश्न विचारला, बाकी पंचवीस मिनिटं जाळीवर: चौकोन कुठे आखला, जागा कशी निवडली, दाट स्फटिकांचीच जागा निवडली नाही कशावरून. शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे पक्कं उत्तर नव्हतं. सपाट मिळाली तिथे आखला, असं खरं ते सांगितलं. पुढे करणाऱ्याने जागा चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात.

एक्सआरएफला एकूण २४,०७२, जीप ३,८००, एसटी, पावडर, इपॉक्सी मिळून अंदाजे अडीच हजार.

उरलेला दगड लॅबच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या लाकडी पेटीत आहे. गि-१ ते गि-८ स्लाइडसाठी वापरा, रसायनासाठी नको. त्यातल्या चारच तुकड्यांवर 'वर'चा बाण आहे. विहिरीचा माल वेगळ्या गोणीत, सुमारे नऊ किलो, खोली १४ ते १६ मीटर, काकांनी सांगितलेली. वेचलेला ग्राउंडमास तीन बाटल्यांत आहे, प्रत्येकीत तीस-तीस ग्रॅम. तो कुणाला समस्थानिकांसाठी हवा असेल तर घ्यावा, फक्त पूड अगेटमध्येच करावी. रांगेत नाव आधी लिहून ठेवा, मार्चमध्ये तिथे दहा दिवस लागतात.